पंचवीस दात्यांच्या शोधात सहा दिवस

पहिला दिवस

रात्रीच्या गाडीत चढलो तेव्हा माझ्या बॅगेत दोन शर्ट, एक टॉवेल आणि आठ-नऊ किलो बिडाचं लोखंड होतं. जाळी तेवढी घरी ठेवली होती, बाकी अख्खा पंखा बरोबर. भाच्याला हे काही पटलं नव्हतं.

"मामा, फोटो काढून नेले असते तर नसतं चाललं?"

"फोटोत आटे मोजता येत नाहीत."

पंखा आजोबांच्या टेबलावरचा. बारा इंची, चार पितळी पात्यांचा, मान डोलावणारा. घडणीवरून १९२०च्या दशकातला. जाळीच्या मधला बिल्ला कधीच गायब झालेला. पायावरची पट्टी पुसून पुसून इतकी गुळगुळीत झाली होती की, कंपनीचं नाव गेलं आणि '११० व्होल्ट, ६० सायकल' एवढंच उरलं. दुखणी चार. मान डोलावणारा गिअर झिजून त्याचे दाते वस्तऱ्यासारखे झालेले. त्या गिअरच्या डबीला चीर. मागचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, इतका सैल की, दांडा हाताने हलवला तर टकटक वाजायचा. आणि पायातून मोटारीकडे जाणाऱ्या वायरीवरचं रबर बोट लावलं की पापुद्र्यांसारखं गळायचं. त्याशिवाय किरकोळीत दोन पेच. वाइंडिंग मात्र ठणठणीत, आणि शंभरीला आलेल्या पंख्याच्या बाबतीत ती मोठीच मिळकत.

सकाळी उतरलो ते थेट स्टेशनामागच्या भंगाराच्या वखारीत गेलो. एका कोपऱ्यात पंख्यांचा ढीग होता. खरं म्हणजे पंख्यांच्या पायांचा ढीग. बिडाचे जड, घंटेच्या आकाराचे पाय, एकावर एक रचलेले. त्यांच्यावर मोटारींची रिकामी टरफलं. वाकड्या जाळ्या. मी तासभर उपसत होतो. गिअर एकही नाही, बिल्ला एकही नाही, धड बुश एकही नाही. वखारीचा मालक लांबून बघत होता. शेवटी म्हणाला, "काय शोधताय?"

"पंख्याचे पार्ट."

"पार्ट नसतात साहेब. पंखे असतात."

तेव्हा ते नुसतं चटपटीत उत्तर वाटलं. पण त्या ढिगासमोर उभं राहून विचार केला तर त्यात सगळं गणित होतं. आपल्या पंख्याचं जे झिजतं तेच त्या साच्यातल्या प्रत्येक पंख्याचं झिजतं. कारण एकच: मागच्या बाजूच्या गिअरमध्ये कोणी तेल-ग्रीस घालत नाही. त्यामुळे भंगारात उरतं ते कधीच न बिघडणारं. बिडाचा पाय बिघडत नाही, म्हणून पायांचे डोंगर. आणि बिल्ले? ते पंखा भंगारात जाण्याआधीच कोणीतरी शोभेसाठी उपटून नेलेले असतात.

पेचांचं मात्र तिथे काम झालं. माझ्या पंख्याच्या मागच्या टोपणाचे पेच अमेरिकन १०-३२ मापाचे, म्हणजे जाडी ४.८३ मिलिमीटर आणि इंचात बत्तीस आटे. दोन आट्यांतलं अंतर ०.७९४ मिलिमीटर. ब्रिटिश पंख्यांत त्याच्या जवळपासचा पेच म्हणजे २ बीए: जाडी ४.७, अंतर ०.८१. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. २ बीएचा पेच १०-३२च्या भोकात लावला की दोन-तीन फेरे अगदी लोण्यासारखा जातो आणि माणूस खूश होतो. प्रत्येक फेऱ्याला फरक फक्त ०.०१६चा, पण तो साठत जातो. आट्यांचा कोनही वेगळा, एकाचा साठ अंश, दुसऱ्याचा साडेसत्तेचाळीस. पाचव्या-सहाव्या फेऱ्याला पेच अडतो. मग माणूस जोर करतो. माझ्याआधी कोणीतरी असाच जोर केला होता; एका भोकातले आटे त्याची साक्ष देत होते. मी आट्यांचा गेज घेऊन बसलो आणि भाच्याने खोक्यातला एकेक पेच पुढे केला. चाळीसएक पेच बाद झाल्यावर दोन खरे निघाले. दोन्ही एका शिवणयंत्राच्या मोटारीचे होते.

निघताना मालकाने एक पत्र्याचा डबा पुढे सरकवला. घड्याळांचे, मीटरांचे, कुठकुठले गिअर. तळाशी एक काशाचा वर्मगिअर होता, म्हणजे पेचासारख्या आट्यांच्या दांड्यावर, वर्मवर, फिरणारा गिअर. भाच्याने एका दात्याला शाईचा ठिपका लावून मोजलं: पंचवीस. माझ्या गिअरला पंचवीसच. व्हर्निअर लावला: बाहेरचा व्यास २१.४२. दात्यांचा बारीकपणा अमेरिकन गिअरला पिचमध्ये मोजतात, मेट्रिकला मोड्यूलमध्ये. अमेरिकन ३२ पिचच्या गिअरचा हिशेब असा की, दात्यांत दोन मिळवायचे आणि बत्तीसने भागायचं, इंच येतात. सत्तावीस भागिले बत्तीस म्हणजे २१.४३ मिलिमीटर. हाच गिअर मेट्रिक ०.८ मोड्यूलचा असता तर २१.६ भरला असता. सतरा शतांश मिलिमीटरच्या फरकावर मी तो गिअर ओळखला याचा मला त्या रात्री केवढा अभिमान! मुक्कामाच्या खोलीत झोपण्यापूर्वी तो उशाशी ठेवला होता. पुढचं आत्ताच सांगत नाही.

दुसरा दिवस

जुना बाजार उजाडायच्या आत भरतो. चांगला माल सूर्य उगवायच्या आधी हलतो म्हणून सगळे हातात बॅटऱ्या घेऊन वाकून चालत असतात. लांबून बघितलं तर काहीतरी हरवलेल्या लोकांचा मेळावा वाटावा. त्यात पाऊस लागला. प्लास्टिकखाली झाकलेल्या वस्तूंचे नुसते उंचवटे दिसत होते.

भाच्याने एका उंचवट्यावर उजेड टाकला आणि म्हणाला, "मामा, हा आपलाच आहे."

हुबेहूब. मोटारीच्या पाठीवरच्या चार फासळ्या तशाच, पायाला तीन पायऱ्या, तेलाच्या कुपीचं टोपण त्याच कोनात. मूळ काळा रंग, तोही बराचसा शाबूत. भट्टीत भाजलेल्या त्या काळ्या जपानी रंगाला पावसाच्या थेंबाखाली अशी खोली येते की, आजच्या फवाऱ्याच्या रंगाला ती जन्मात यायची नाही. नावाची पट्टी नव्हती, फक्त दोन रिव्हेटांची भोकं. पाती एका बाजूला वाकलेली. मी मोटारीच्या झरोक्याला नाक लावलं. जळक्या वार्निशचा वास. वाइंडिंग गेलेलं.

विकणाऱ्याला म्हटलं, "मागची गिअरची डबी तेवढी द्या."

"सगळा घ्या नाहीतर राहू द्या."

त्याचं बरोबर होतं, तसा मीही कधी चालता पंखा सुटा करून द्यायला तयार होत नाही. पण हा चालता नव्हता. माझ्याकडे अदलाबदलीसाठी आणलेलं सोळा इंची पितळी पातं होतं. ते त्याने उजेडात फिरवून बघितलं, चारी पाकळ्या एका पातळीत आहेत का हे जमिनीवर ठेवून तपासलं, आणि मान हलवली. आता दोन्ही बॅगांत मिळून अठरा किलो. भाचा दिवसभर माझ्याशी मोजकंच बोलला.

दुपारच्या बसने मास्तरांच्या गावाकडे निघालो. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, दोघेही झोपलो होतो.

तिसरा दिवस

मास्तर म्हणजे टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस. वय ऐंशीच्या पुढे. पोरांना लेथ शिकवली म्हणून सगळे मास्तर म्हणतात. त्यांच्या घरात तीन भिंतींना फळ्या आहेत आणि फळ्यांवर पंखे. मी याआधी एकदाच गेलो होतो. भाचा पहिल्यांदा आलेला. तो दारातच थबकला.

मास्तरांनी त्याला फिरवून दाखवलं. एक चपटी, भाकरीसारखी मोटार असलेला जुना जनरल इलेक्ट्रिकचा पंखा. इंग्रजीतही त्याला धिरड्याचं नाव आहे, पॅनकेक. एक वेस्टिंगहाउसचा, ज्यात मान फिरवायला गिअरच नाही. पात्यांसमोर एक पडदी असते, पंख्याचाच वारा तिच्यावर आदळतो आणि त्या धक्क्याने मान वळते. टोकाला गेली की पडदी पलटते आणि मान परत फिरते. "गिअर नाही म्हणून झीज नाही," मास्तर म्हणाले, "पण वारा कमी केला की मान अडते." एक रॉकेलच्या दिव्यावर चालणारा, विजेशी काही संबंध नसलेला, तापलेल्या हवेच्या इंजिनाचा. इमर्सनचे पाच. "ही कंपनी १८९०ची, सेंट लुइसची. वॅग्नर आणि सेंच्युरीही त्याच शहरातल्या. एका गावात पंख्याचे तीन-तीन कारखाने!" पहिला टेबलफॅन स्कायलर स्काट्स व्हीलरचा, १८८०च्या दशकातला, त्याला दोनच पाती होती आणि जाळी नव्हतीच. त्याच सुमाराला फिलिप डील याने शिवणयंत्राची मोटार छताला टांगून त्याला पाती लावली. जाळ्या पुढे आल्या तरी त्यांतून अख्खा हात जाईल एवढी फट असायची. मास्तरांनी आपलं डावं मधलं बोट दाखवलं. टोक नव्हतं. पुढे काही बोलले नाहीत.

मग मी माझा गिअर काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. दात्यांची संख्या सांगितली, व्यास सांगितला, ०.८ मोड्यूल कसा नाही तेही सांगितलं. मास्तरांनी तो टेबलावर आडवा ठेवला, डोळा टेबलाच्या पातळीत आणला आणि हसले.

"हा उजवा आहे. तुमचा वर्म डावा."

उजव्या हाताच्या गिअरचे दाते समोरून बघताना वर जातात तसे उजवीकडे झुकतात. माझा जुना गिअर शेजारी ठेवला, त्याचे डावीकडे झुकलेले. वर्म आणि गिअर एकाच हाताचे लागतात, नाहीतर दाते एकमेकांत बसतच नाहीत. व्यास, दाते, पिच सगळं मोजलं आणि दाते झुकलेत कुठे, हे नुसत्या डोळ्याने दिसणारं तेवढं राहिलं.

"उलटा करून बसवू या ना," भाचा म्हणाला.

"पेच उलटा धरला म्हणजे डाव्या आट्यांचा होतो का रे?"

भाच्याने खिशातून एक पेच काढला, उलटसुलट धरून बघितला आणि गप्प बसला. मीही मनातल्या मनात तेच करत होतो.

खरा धक्का नंतर होता. मी डबीवरची चीर दाखवली. पंखा कधीतरी पडला असेल, झाळून घेता येईल, असा माझा समज. मास्तरांनी भिंग लावलं आणि माझ्या हातात दिलं. चीर एक नव्हती. वाळलेल्या तळ्याच्या गाळासारखं बारीक भेगांचं जाळं होतं, कडा किंचित फुगलेल्या. नखाने एक कोपरा दाबला तर बिस्किटासारखा सुटला.

"जस्त सडलंय."

त्या काळात साच्यात ओतलेल्या जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अंश राहायचा. दमट हवेत त्या धातूचे कण आपल्या कडांवरून सुटायला लागतात, भाग फुगतो, चिरतो, शेवटी भुगा होतो. हा रोग १९२३च्या सुमाराला ओळखला गेला. १९२९मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीने अतिशुद्ध, ९९.९९ टक्क्यांचं जस्त वापरून झामाक नावाचा मिश्रधातू काढला, तेव्हा कुठे तो आटोक्यात आला. त्याआधीच्या ओतीव जस्ताचं काही सांगता येत नाही. एखादी डबी शंभर वर्षं टिकते, शेजारची सडते. झाळता येत नाही, चिकटवता येत नाही. रोग आतून असतो.

बाजारातल्या पंख्याची डबी उघडली. बिडाची निघाली. तोच साचा, पण थोड्या आधीच्या सालातला असणार. आतला गिअर मात्र माझ्यासारखाच वस्तरा झालेला. वखारवाल्याची आठवण झाली.

म्हणजे आता हिशेब असा: माझ्याकडे वाइंडिंग, त्याच्याकडे डबी, आणि गिअर दोघांकडेही नाही.

"मग कोण कोणाला देणार?" भाच्याने विचारलं. मास्तर माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, आधी गिअर बघू.

चौथा दिवस

गिअर कापायचा ठरला. वर्मगिअरचे दाते वर्मवर कवेसारखे बसतात, म्हणून ते साध्या कटरने कापून चालत नाही. कटरच वर्मसारखा हवा, त्याला हॉब म्हणतात. बाजारात ३२ पिचचा डावा हॉब मिळायला महिने गेले असते. मास्तर म्हणाले, हॉब आपणच करू.

माझ्या पंख्याच्या दांड्यावरचा वर्म त्यांनी मोजला. दोन आट्यांतलं अंतर २.४९. मग सिल्व्हर स्टीलचा तुकडा लेथला लावून तसलेच आटे पाडले. डावे आटे असल्यामुळे हत्यार नेहमीच्या उलट, चककडून बाहेर चालतं. बघताना सारखं वाटतं की, काहीतरी चुकतंय. आटे झाल्यावर लांबीच्या दिशेने पाच खाचा पाडल्या, म्हणजे प्रत्येक आट्याला पाच कापणाऱ्या धारा आल्या. धारेमागचा भाग कानशीने उतरवला. मग ज्योतीत लालभडक करून तेलात बुडवला. बाहेर आला तो काळा, काचेसारखा कडक आणि तितकाच ठिसूळ. पुन्हा घासून लख्ख केला, हळूहळू तापवला, आणि गवताच्या काडीचा पिवळा रंग चढला तशी ज्योत बाजूला केली. खोलीत कोणी बोलत नव्हतं. त्या पिवळ्यापुढे तांबूस आणि मग निळा रंग येतो. निळा आला की धार मऊ झाली, पुन्हा पहिल्यापासून.

दरम्यान फॉस्फर ब्रॉन्झची चकती तयार होती. तिच्यावर आधी पंचवीस उथळ तिरक्या खाचा पाडायच्या, म्हणजे हॉबला वाट मिळते. हे काम डिव्हायडिंग हेडवर. हँडल चाळीस वेळा फिरवलं की चकती एकदा फिरते. चाळीस भागिले पंचवीस म्हणजे प्रत्येक खाचेला एक पूर्ण फेरा आणि वर तीन पंचमांश. वीस भोकांच्या वर्तुळावर बारा भोकं. मास्तरांनी हँडल भाच्याच्या हातात दिलं. तो मोठ्याने मोजत होता. एक फेरा, एक, दोन, तीन... बारा. खाच. एक फेरा, एक, दोन...

पंचविसावी खाच पडली आणि शेवटचा दाता इतरांच्या जवळजवळ दुप्पट जाड निघाला.

मास्तरांना आवाजावरूनच आधी कळलं असावं, पण त्यांनी थांबवलं नव्हतं. "पिन ज्या भोकात आहे त्याला काय म्हणालास?"

"एक."

"ते शून्य. बारा भोकं म्हणजे बारा घरं पुढे."

भाचा दर वेळी अकराच घरं पुढे जात होता. ती वाया गेलेली चकती त्याने मागून घेतली, अजून त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.

दुसरी चकती नीट झाली. मग हॉब चकमध्ये आणि चकती क्रॉसस्लाइडवर, एका मोकळ्या फिरणाऱ्या खुंटीवर. हॉब फिरायला लागला तशी त्याने चकतीला आपोआप पकडलं आणि ती आपली आपण फिरू लागली, कोणी न फिरवता. मास्तर केसाएवढं पुढे सरकवायचे, थांबायचे, तेल सोडायचे. सोनेरी भुसा खाली साचत गेला. वीसेक मिनिटांनी दाते पूर्ण आले. वर्म हातात धरून वर फिरवला तर गिअर आवाज न करता वळला. मोटार मिनिटाला दीड हजारांच्या आसपास फिरते आणि मान मिनिटाला पाच-सहा वेळा वळते. मधलं अडीचशेपट मंदावणं दोन जोड्या करतात, त्यातली पहिली ही.

संध्याकाळी मी पाती चमकवायला बसलो. भाच्याने काच पुसायचा अमोनियाचा फवारा आणला होता. मास्तरांनी तो जवळजवळ हिसकावून घेतला. ताणाखालच्या पितळेला अमोनिया लागला की ते तडकतं. ब्रिटिशांच्या फौजेत पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं तडकलेली निघायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्यामागचं कारण १९२१मध्ये स्पष्ट झालं. पंख्याचं पातं ठोकून घडवलेलं, मध्यात रिव्हेटांनी आवळलेलं, आणि वर मिनिटाला दीड हजार फेरे. "तडकलेलं पातं सुटलं तर जाळी त्याला अडवत नाही," मास्तर म्हणाले आणि आपला डावा हात खिशात घातला.

पाचवा दिवस

वाइंडिंगवाल्या ताईंकडे दोन्ही मोटारी घेऊन गेलो. त्यांनी माझ्या मोटारीला पाचशे व्होल्टचा मेगर, म्हणजे वीज कुठे झिरपते का हे मोजणारा मीटर, लावला आणि काटा ०.४ मेगाओहमवर आला. माझं तोंड उतरलं. ताई म्हणाल्या, "घाबरू नका, ओल आहे." पावसात दोन दिवस भटकल्याचा परिणाम. दिव्याखाली झाकून ठेवली, पाच तासांनी पुन्हा लावला: ३५. तोवर त्यांनी जुनी वायर उपसून नवी ओवली. कापडी वेष्टणाची, आत केसासारख्या बारीक तारांचा झुबका असलेली. जाड एकेरी तार इथे चालत नाही. मान मिनिटाला पाच वेळा डोलावते म्हणजे आठ तासांत चोवीसशे वेळा ती वायर वाकते; एकेरी तार आतल्या आत तुटेल आणि बाहेरून पत्ता लागणार नाही. मानेतून बाहेर येते तिथे त्यांनी दोऱ्याची गाठ अशी मारली की, ओढ गाठीवर यावी, जोडावर नाही.

"कुठल्या अंगात बसवायची?" त्यांनी विचारलं.

आता टाळता येत नव्हतं. रात्री दोन्ही पंखे शेजारी ठेवून बघितले होते. आजोबांच्या पंख्याच्या पायाला कोणीतरी जाड भोक पाडून नवा खटका बसवलेला. वर निदान तीन रंगांचे थर, खालचा शिशाचा असू शकतो म्हणून घासायलाही नको. मागचे आटे गेलेले, डबी सडलेली. बाजारातल्याचा रंग मूळ, खटका मूळ, भोकं शाबूत, डबी बिडाची. बाजारातल्याचे अवयव काढून आजोबांच्या पंख्याला लावायचे, म्हणजे धडधाकट अंग फोडून मोडकं अंग सजवायचं. कोणाच्याही पंख्याबद्दल मला विचारलं असतं तर मी एका क्षणात उत्तर दिलं असतं.

"ह्याच्यात," मी म्हटलं आणि बाजारातल्याकडे बोट केलं.

भाच्याने चमकून बघितलं. "मग आजोबांचा?"

"वाइंडिंग आजोबांचं. दांडा आजोबांचा, पाती आजोबांची."

साचा एकच म्हणून स्टेटर, म्हणजे वाइंडिंगसकट मोटारीचा न फिरणारा भाग, एका टरफलातून दुसऱ्यात तसाच बसला. मागच्या बुशाला मास्तरांनी गनमेटलचा नवा तुकडा सकाळीच कातून दिला होता. दांड्यात आणि बुशात तीन शतांश मिलिमीटरची मोकळीक, त्याहून कमी ठेवली तर तेल शिरत नाही, जास्त ठेवली तर टकटक. लोकरी फेल्टची वात तेलात भिजवून घातली. तेल बिनडिटर्जंट, वीस ग्रेडचं. शिवणयंत्राचं पातळ तेल घातलं तर ते वाहून जातं.

डिमरस्टॅटवर, म्हणजे व्होल्ट कमी-जास्त करायच्या यंत्रावर, हळूहळू विजेचा दाब वाढवला. मोटार ११० व्होल्ट, ६० सायकलची. ५० सायकलच्या विजेवर तिला ११० दिले की तापते, म्हणून ९२च्या आसपास थांबायचं. चाळीसला गुणगुण सुरू झाली. पंचावन्नला पाती अनिच्छेने हलली. सत्तरला वारा आला. ताईंनी मागचा खुंटा दाबला. मान क्षणभर तशीच राहिली, मग डावीकडे वळायला लागली, टोकाला जाऊन थांबली, परत आली.

ताईंनी आजोबांच्या पंख्याचं रिकामं अंग उचलून बाजूला ठेवलं. "हे टाकू नका. जळालेलं वाइंडिंग ह्यात मी बांधून देते. डबी तेवढी कुठे मिळाली तर आणा."

सहावा दिवस

परतीची गाडी दिवसाची होती. भाच्याने दोन पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या केल्या आणि दोन्ही पंख्यांच्या पायात अडकवल्या: कुठला भाग कुठून आला, कुठल्या दिवशी, कोणी केला. वाया गेलेल्या चकतीचाही उल्लेख केला त्याने, त्याबद्दल मला त्याचं कौतुक वाटलं.

उतरायला तासभर असताना मास्तरांचा फोन आला. त्यांच्या ओळखीतल्या कोणाकडे याच साच्याचा पंखा आहे, सगळं धड, फक्त मागचं टोपण आणि खटक्याची मूठ नाही. आमच्या रिकाम्या अंगावरचं मिळेल का, म्हणून विचारत होते.

भाच्याने फोनवर हात ठेवला. "मामा, काय सांगू?"

मी बॅगेकडे बघितलं. टोपण काढलं तर आजोबांचं अंग आणखी रिकामं होणार. आणि डबी मिळायची तर ती अशाच कोणाकडे तरी मिळणार.

"त्याला म्हणावं, आधी आटे मोज. १०-३२ आहेत की २ बीए."